नदीच्या प्राणवायूचा जमाखर्च

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. दवाखान्यात जुलाबाचा किंवा काविळीचा रुग्ण आला आणि मी पिण्याच्या पाण्याची चौकशी केली, की दहांतले चार जण तरी सांगतात, "डॉक्टर, आमचं पाणी डबक्यातलं नाही, वाहत्या नदीचं आहे!" ही समजूत अगदीच खोटी नाही. नदी स्वतःला स्वच्छ करते हे खरे आहे. पण किती घाण, किती दिवसांत आणि किती कोसांवर, हा हिशेब आपण कधी करत नाही. तो हिशेब करण्याचे एक शास्त्र आहे आणि ते जवळजवळ शंभर वर्षे वापरात आहे. त्याला नदीचे 'गणिती प्रारूप' किंवा मॉडेल म्हणतात.

नाव ऐकून घाबरू नका. मी पेशाने डॉक्टर, गणिताचा माणूस नव्हे. पण या शास्त्राचा गाभा किराणा दुकानाच्या खतावणीपेक्षा अवघड नाही. जमा किती, खर्च किती आणि शिल्लक किती, एवढेच त्यात पाहायचे असते. फक्त येथे हिशेब रुपयांचा नसून पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा असतो.

डॉक्टरांनीच मांडलेला प्रश्न

या शास्त्राची सुरुवात आरोग्य खात्यातून झाली, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. अमेरिकेत ओहायो नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठच्या शहरांचे मैलापाणी नदीत जाई आणि खालच्या अंगाची शहरे तेच पाणी पिण्यासाठी उचलत. विषमज्वराच्या साथी नित्याच्या होत्या. १९१३ च्या सुमारास अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सिनसिनाटी येथे नदीच्या अभ्यासाचे केंद्र उघडले. त्याचे प्रमुख डॉ. वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हे पुढे साथरोगशास्त्राचे नामांकित प्राध्यापक झाले. याच अभ्यासातून हॅरोल्ड स्ट्रीटर आणि अर्ल फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केले. आज संगणकावर चालणारी नदीप्रदूषणाची मोठमोठी मॉडेल्स या सूत्राच्याच घराण्यातली आहेत.

त्यांनी पाहिले ते असे. मैलापाणी नदीत पडले की पाण्यातले जंतू ती घाण कुजवू लागतात. कुजवण्यासाठी ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. हा झाला खर्च. दुसऱ्या बाजूने हवेतला प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत शिरत असतो. ही झाली जमा. गंमत अशी की, पाण्यात जेवढी तूट जास्त, तेवढा हवेतून येणारा प्राणवायूही जास्त. खडकाळ, खळाळत्या पात्रात ही जमा भराभर होते. संथ, खोल डोहात फार हळू होते.

पाण्यात प्राणवायू मावतो तरी किती? २० अंश सेल्सिअस तापमानाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशाला सुमारे साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यात नदीची तिजोरी मुळातच लहान होते आणि उष्णतेमुळे जंतूंची भूक मात्र वाढते. घाण कुजवायला किती प्राणवायू लागेल, या मापाला 'बीओडी' म्हणतात. मराठीत आपण त्याला 'घाणीची भूक' म्हणू. घरगुती मैलापाण्याची भूक लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या घरात असते. लिटरभर मैलापाण्याला पंचवीस-तीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू लागतो, असा त्याचा अर्थ.

कागदावरची नदी

आता एक कल्पित नदी घेऊ. हिवाळ्यात तिच्यातून दर सेकंदाला १०,००० लिटर पाणी वाहते आणि त्या पाण्याची भूक लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. काठच्या गावाचा नाला सेकंदाला ५०० लिटर मैलापाणी ओततो. त्याची भूक २००. दोन्हींचा गुणाकार करून बेरीज करा, एकूण पाण्याने भागा. मिश्रणाची भूक येते सुमारे ११.४. सातवी-आठवीतल्या मुलालाही जमेल असा हा हिशेब आहे.

पुढे काय होते? समजा, या नदीत दर दिवशी उरलेल्या घाणीपैकी साधारण चौथा हिस्सा कुजतो आणि प्राणवायूची जी तूट असेल तिच्यापैकी साधारण ४५ टक्के हवेतून भरून निघते. या पाण्यात पुरता प्राणवायू ८ मिलिग्रॅम मावतो आणि नाल्यापाशी ७ आहे, असे धरू. स्ट्रीटर-फेल्प्स सूत्रात हे आकडे घातले तर उत्तर येते ते असे: एका दिवसानंतर प्राणवायू ५.३, दोन दिवसांनंतर ४.९, तीन दिवसांनंतर ५.१, चार दिवसांनंतर ५.५ आणि सहा दिवसांनंतर ६.४. कागदावर रेषा काढली तर ती दोन टोकांना बांधलेल्या झोळीसारखी मधे खाली येते आणि पुन्हा वर चढते.

वाचकहो, या झोळीचा तळ कोठे आहे ते नीट पाहा. नाल्याच्या तोंडाशी नव्हे, तर दोन दिवसांच्या वाटेवर! नदी दिवसाला २० किलोमीटर सरकत असेल, तर सर्वांत वाईट पाणी नाल्यापासून ४० किलोमीटर खाली सापडेल. ज्या गावाने घाण केली त्या गावाला नदी बरी दिसते आणि ज्यांनी काही केले नाही, त्या खालच्या गावात मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. नाल्याच्या तोंडाशी पाण्याचा नमुना घेऊन "आमच्याकडे प्राणवायू ठीक आहे" असे म्हणणे म्हणूनच फसवे असते.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीच्या पाण्याचे वर्ग ठरवले आहेत. उघड्यावर स्नान करण्याजोग्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि बीओडी ३ च्या वर नको. आपली कल्पित नदी भर हिवाळ्यातही या कसोटीला उतरली नाही.

उन्हाळा आला की

तीच नदी, तेच गाव, तोच नाला. फक्त एप्रिल-मे महिना. प्रवाह सेकंदाला १,००० लिटरवर आला. आता मिश्रणाची भूक येते ६८! सूत्रात आकडा घातला, तर अर्ध्या दिवसाच्या आत प्राणवायू संपतो आणि उत्तर उणे येऊ लागते. उणे प्राणवायू असे काही जगात नसते. त्याचा अर्थ एवढाच, की नदी येथे मेली. यापुढे हवेशिवाय जगणारे जंतू घाण कुजवू लागतात, पाणी काळे पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. स्ट्रीटर-फेल्प्सचे साधे सूत्र येथे संपते. पुढचा हिशेब वेगळ्या रीतीने करावा लागतो.

शिवाय उन्हाळ्यात पात्रात बंधारे अडवलेले असतात. कोल्हापुरी बंधाऱ्यात बरगे घातले की पाणी साठते, शेतीला मिळते, हा फायदा मोठा आहेच. पण दिवसाला २० किलोमीटर चालणारे पाणी बंधाऱ्यामागे दिवसाला जेमतेम ५ किलोमीटर सरकते. मग दोन दिवसांची वाट ४० किलोमीटरची न राहता १० किलोमीटरची होते आणि झोळीचा तळ शेजारच्याच गावात येऊन बसतो. संथ पाण्यात हवेतून होणारी जमाही कमी. त्यावर जलपर्णीने पाट झाकला, तर हवेशी संबंधच तुटतो. वळवाचा पहिला पाऊस झाला की तळाचा गाळ ढवळला जातो, गटारांत साचलेली घाण एकदम नदीत येते आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या माशांचा खच दिसतो. लोक म्हणतात, कोणी तरी विष टाकले. कधी कधी ते खरेही असते, पण पुष्कळदा मासे गुदमरून मरतात.

मॉडेलचा खरा उपयोग मात्र पुढेच आहे. 'काय केले तर काय होईल' हे पैसे खर्च करण्याआधी कागदावर पाहता येते. या कल्पित नदीत उन्हाळ्यातही प्राणवायू ५ च्या खाली जाऊ द्यायचा नसेल, तर दोन वाटा आहेत. पहिली, धरणातून पाणी सोडून प्रवाह १,००० वरून जवळपास ११,००० लिटरवर न्यायचा. भर मे महिन्यात हे पाणी कोण देणार? दुसरी वाट, नाल्याच्या पाण्यावर प्रक्रिया करून त्याची भूक २०० वरून २८ च्या आसपास आणायची. म्हणजे शंभरातली ८६ भाग घाण नदीत पडण्याआधी काढायची. चांगल्या चालणाऱ्या मैलाशुद्धीकरण केंद्राला हे जमते. 'चालणाऱ्या' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. बांधलेले केंद्र आणि चालणारे केंद्र यांत नदीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो.

लंडनची थेम्स

हे सारे पुस्तकी आहे, असे कोणाला वाटेल. म्हणून लंडनच्या थेम्स नदीचे उदाहरण देतो. १९५७ मध्ये लंडनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाने या नदीचा शहरातला भाग जीवसृष्टीच्या दृष्टीने मृत असल्याचे सांगितले होते. तेथील जलप्रदूषण संशोधन प्रयोगशाळेने बरीच वर्षे मोजमापे घेतली आणि खाडीतल्या भरती-ओहोटीसकट नदीचे मॉडेल तयार केले. त्यांचा अहवाल १९६४ मध्ये आला. प्राणवायूच्या तुटीला कोणते सांडपाणी किती जबाबदार आहे, याचा हिशेब त्यात मांडला होता. शहराच्या मोठ्या मैलाशुद्धीकरण केंद्रांत सुधारणा झाल्या, हळूहळू प्राणवायू परतला आणि १९७४ मध्ये थेम्समध्ये सालमन मासा पुन्हा सापडला. १८३३ नंतर प्रथमच! हा मासा प्राणवायूच्या बाबतीत फार चोखंदळ आहे. त्याचे परत येणे म्हणजे नदीच्या तब्येतीचा दाखलाच.

डोळ्यांना न दिसणारा दुसरा हिशेब

आता माझ्या विषयाकडे येतो. प्राणवायू परतला, पाणी नितळ झाले, वास गेला, म्हणजे ते प्यायला चालेल का? नाही. रोगजंतूंची खतावणी वेगळी असते.

मैलापाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू सहज एक कोटी असतात. आपल्या नदीत हिवाळ्यात ते २१ पट पातळ झाले, तरी पावणेपाच लाख उरले. समजा, दर दोन दिवसांनी त्यांतले शंभरातले ९० मरतात. मग दोन दिवसांनी पावणेपाच हजारांच्या दसपट, चार दिवसांनी पावणेपाच हजार आणि सहा दिवसांनी पावणेपाचशेच्या आसपास. स्नानाच्या पाण्याची मर्यादा ५०० आहे. म्हणजे दिवसाला २० किलोमीटरच्या चालीने नदीला १२० किलोमीटर मोकळे पात्र हवे आणि तेही नुसत्या अंघोळीपुरते! आपल्याकडे दोन गावांमध्ये दहा-पंधरा किलोमीटरही अंतर नसते. प्रत्येक गावाचे जॅकवेल स्वतःच्या नाल्याच्या वर असते, पण वरच्या गावाच्या नाल्याच्या खालीच असते. शिवाय जंतूंपेक्षा विषाणू अधिक चिवट. कोलिफॉर्म मेले, म्हणजे काविळीचा विषाणूही मेला, असे धरून चालत नाही.

याचा सर्वांत कटू धडा दिल्लीने शिकवला. १९५५ मध्ये यमुनेचा प्रवाह सरकला आणि नोव्हेंबरमध्ये नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलटे चढून वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. अभियंत्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले. विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, म्हणून संकट टळले असे वाटले. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये शहरात काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. गरोदर स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण विशेष होते. त्या वेळी ही नेहमीचीच संसर्गजन्य कावीळ समजली गेली. पुढे १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले. ही 'ए' प्रकारची कावीळ नव्हती आणि 'बी' प्रकारचीही नव्हती, असे दिसले. आज आपण तिला 'हिपॅटायटिस ई' म्हणतो.

या घटनेत मॉडेलवाल्यांसाठीही धडा आहे. पाणी वरून खालीच वाहते, हे साध्या सूत्राचे गृहीतक असते. नदीने ते त्या आठवड्यात मोडले. म्हणून मॉडेलच्या आकड्याइतकाच जॅकवेलवरच्या माणसाचा डोळाही मोलाचा असतो.

आपल्या राज्यात २०१२ च्या उन्हाळ्यात पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि तिच्यात माणसे दगावली, हे पुष्कळांना आठवत असेल. हिपॅटायटिस ई चा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत सरासरी पाच ते सहा आठवडे जातात. रुग्ण येऊ लागतात तेव्हा ज्या पाण्याने घात केला ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. आठव्या महिन्याची बाई पिवळे डोळे घेऊन समोर बसते, तेव्हा डॉक्टरच्या काळजात धस्स होते, कारण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत या काविळीत शंभरातल्या २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात. अशा वेळी औषधांपेक्षा सहा आठवड्यांपूर्वीचा हिशेब अधिक उपयोगी पडला असता, असे मला नेहमी वाटते. एप्रिलमध्ये प्रवाह किती घटणार, नाल्याचे पाणी जॅकवेलपाशी किती पातळ होणार, हे मार्चमध्येच कागदावर मांडता येते.

मॉडेल म्हणजे ज्योतिष नव्हे

येथे सावधगिरीचे दोन शब्द. मॉडेलला जसे आकडे द्याल तसेच उत्तर मिळते. नाल्याचे पाणी कमी दाखवले, तर नदी कागदावर छान दिसेल. नमुना कोणत्या वेळी घेतला, यालाही महत्त्व आहे. शेवाळ माजलेल्या नदीत दुपारी उन्हात प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे तळाला जातो. दुपारी बाराचा आकडा खरा असला, तरी अपुरा असतो. कारखान्यांची जड धातूंची किंवा शेतातल्या कीटकनाशकांची घाण प्राणवायूच्या खतावणीत दिसतच नाही. तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पावसाळ्यात बीओडी कमी दिसतो, कारण पाणी भरपूर. पण गढूळ पाण्याबरोबर उघड्यावरची विष्ठाही वाहून येते आणि जुलाबाच्या साथी तेव्हाच फोफावतात.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट घरातली. नळाला नदीचे पाणी असेल, तर उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला पिण्याचे पाणी गाळून, खळखळून उकळावे. उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ठेवावे आणि त्याच भांड्यात झाकून गार करावे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत यात एक दिवसही कुचराई नको. नुसती तुरटी फिरवून पाणी नितळते. निर्जंतुक होत नाही. पाणीपुरवठ्याच्या शेवटच्या नळाला क्लोरीन पोचते का, हे ओ. टी. चाचणीने दोन मिनिटांत कळते. ती रोज होते का, हे विचारायला संकोच करू नका.

दुसरी गोष्ट गावाची. नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला चार प्रश्न विचारा. उन्हाळ्यात नदीचा कमीत कमी प्रवाह किती असतो? गावातून रोज किती सांडपाणी निघते आणि त्यापैकी खरोखर किती शुद्ध होते? जॅकवेलच्या वर, एका दिवसाच्या वाटेवर, कोणकोणते नाले मिळतात? पाण्याचे नमुने कोठे आणि किती वाजता घेतले जातात? २००५ च्या माहितीच्या अधिकाराने ही माहिती कोणाही नागरिकाला मागता येते. उत्तरे मिळाली की मिश्रणाचा हिशेब वहीच्या पानावर करता येईल. पुढचा हिशेब गावातला एखादा विज्ञानाचा शिक्षक किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आनंदाने करून देईल. त्यासाठी लागणारी क्वाल-टू-के सारखी मॉडेल्स विनामूल्य मिळतात.

आणि वर्षातून एकदा, एप्रिल संपण्याआधी, नदीकाठच्या चार गावांनी एकत्र बसून हे आकडे एका कागदावर मांडावेत. तुमचा नाला म्हणजे खालच्या गावाचे पिण्याचे पाणी आणि वरच्या गावाचा नाला म्हणजे तुमचे. वरच्या गावाशी भांडण्याआधी आपल्या नाल्याचा आकडा हातात असावा. बैठकीला डॉक्टर हवा असेल, तर मला बोलवा. मी वही-पेन्सिल घेऊन येईन.